ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केल्यावर ऑडिओ इंटरफेस चालेना? आधी सोपं तपासा, मग अवघड

"कालपर्यंत नीट चालू होता, रात्री अपग्रेड झालं आणि आता इंटरफेस गेला." गाणारे, पॉडकास्ट करणारे, ऑनलाइन शिकवणारे, घरी बसून डबिंग करणारे अशा सगळ्यांकडून ही तक्रार मी वारंवार ऐकतो आणि वारंवार सोडवतो. बहुतेक वेळा इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणारा डबा, गेलेला नसतो. अपग्रेडमुळे त्या डब्यातलं काहीच बदलत नाही. बदलतात त्या संगणकाच्या बाजूच्या गोष्टी: आवाजासाठी कोणतं उपकरण निवडलंय, माइक वापरायची परवानगी कुणाला आहे, कोणता ड्रायव्हर (उपकरण आणि सिस्टिम यांच्यात दुवा साधणारं सॉफ्टवेअर) चालू आहे आणि वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट कधी झोपवला जातो. म्हणून घाबरून नवीन इंटरफेस मागवू नका, आणि सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल करायलाही बसू नका.

लक्षणं

आधी तुमचं लक्षण नेमकं कोणतं ते बघा. "चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- इंटरफेसवरचा लाइट लागतो, पण संगणकाच्या यादीत त्याचं नावच येत नाही.
- नाव येतं, हेडफोनमध्ये गाणंही ऐकू येतं, पण माइकचा आवाज आत जात नाही. सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण हेच.
- आवाज येतो, पण स्वर चढलेला किंवा उतरलेला वाटतो.
- तडतड होते, आवाज मध्ये मध्ये तुटतो.
- आठ चॅनेलच्या इंटरफेसचे दोनच चॅनेल दिसतात, किंवा रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या एएसआयओ (विंडोजमध्ये सॉफ्टवेअरला इंटरफेसशी थेट बोलू देणारी पद्धत) यादीतून त्याचं नाव गायब असतं.
- थोडा वेळ सुरळीत चालतं आणि मग इंटरफेस आपोआप नाहीसा होतो. विशेषतः संगणक स्लीपमधून उठल्यावर.
- रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर उघडतानाच अडकून बसतं.

आता एक नियम, जो मी कुणालाही मोडू देत नाही: एका वेळी एकच गोष्ट बदला, तपासा, मगच पुढची बदला. चार सेटिंग एकदम फिरवली आणि आवाज आला, तर कशामुळे आला ते कळणार नाही. पुढच्या अपग्रेडला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

तपासायचं कशात? मोठ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये नको. विंडोजमधला साधा साउंड रेकॉर्डर किंवा मॅकवरचा व्हॉइस मेमोज, क्विकटाइम वापरा. साध्या ॲपमध्ये आवाज जात असेल आणि मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर शोधायची जागा निम्म्याने कमी झाली.

केबल, पोर्ट आणि खरंखुरं रीस्टार्ट

सगळे आधी ड्रायव्हरकडे धावतात. मी आधी केबलकडे बघतो, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

संगणक शट डाउन करून चालू करू नका, रीस्टार्ट करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टिमचा गाभा आणि लोड झालेले ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तेच उचलले जातात. म्हणजे बिघडलेली अवस्थाही तशीच परत येते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने लोड होतं. रीस्टार्टच्या आधी अपडेटच्या पानावर काही उरलंय का बघा. अपग्रेड "पूर्ण" झाल्यानंतरही काही ड्रायव्हर मागाहून उतरत असतात.

मग इंटरफेस हबमधून काढून थेट संगणकाला लावा. यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते. स्वतःचा अ‍ॅडाप्टर नसलेला हब तेवढीच वीज कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह आणि इंटरफेस यांच्यात वाटतो. ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (काही माइकना इंटरफेसमधून मिळणारी वीज) चालू केल्यावरच इंटरफेस बंद पडत असेल तर पहिला संशय इथेच घ्या. शक्य असेल तर अपग्रेडच्या आधी ज्या पोर्टला लावत होता त्याच पोर्टला लावा. ज्या यूएसबी उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, ते दुसऱ्या पोर्टला लावलं की विंडोज त्याला नवं उपकरण समजतं आणि जुनी सेटिंग त्याला लागू होत नाहीत.

केबल बदलून बघा. फोनबरोबर येणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यात डेटाच्या तारा नसतात. अशा केबलवर इंटरफेसचा लाइट छान लागतो आणि संगणकाला मात्र काहीच दिसत नाही.

अ‍ॅपल सिलिकॉन (अ‍ॅपलची स्वतःची चिप) असलेला मॅक लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट. मॅकओएस व्हेंचुरापासून या लॅपटॉपवर नवीन यूएसबी उपकरण जोडल्यावर "जोडू द्यायचं का?" असं विचारलं जातं. ती खिडकी नजरचुकीने बंद झाली असेल तर इंटरफेस दाराशीच थांबतो. काढून पुन्हा लावा, म्हणजे पुन्हा विचारलं जाईल. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्येही त्याचं सेटिंग आहे.

निवड कुठे गेली?

अपग्रेडमध्ये ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हरही बदलतो, आणि त्याबरोबर एचडीएमआयला जोडलेला मॉनिटर "स्पीकर" म्हणून पुढे येऊन बसतो. आवाज जातोय, पण मॉनिटरकडे. साउंड सेटिंगमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे इंटरफेस निवडा. विंडोजमध्ये कॉलसाठीचं उपकरण वेगळं ठरवता येतं, तेही बघा. त्यानंतर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा निवडा. सिस्टिमची निवड आणि सॉफ्टवेअरची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यादीत इंटरफेसच्या नावाआधी "२-" असा आकडा दिसतोय का? विंडोजने त्याला दुसरं उपकरण म्हणून नोंदवलंय. तुमचं सॉफ्टवेअर अजून जुन्या नावाची वाट बघत असतं, म्हणून प्रोजेक्ट उघडल्यावर आवाज येत नाही. नव्या नावावर बोट ठेवलं की काम होतं.

सॉफ्टवेअर उघडतानाच अडकत असेल तर इंटरफेस काढून ठेवा आणि सॉफ्टवेअर उघडा. बहुतेक सॉफ्टवेअर "उपकरण सापडत नाही" म्हणून पुढे जातात. मग इंटरफेस लावून नव्याने निवडा.

माइक शून्य? परवानगी बघा

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वाधिक वेळ वाया जातो तो इथेच.

माइक लावा, गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) अर्ध्यावर आणा आणि माइकच्या जाळीवर बोटाने हलकं टकटक करा. इंटरफेसवरचा गेनचा लाइट हिरवा लुकलुकतो का? लुकलुकत असेल तर माइक, त्याची केबल आणि आतला प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) हे तिन्ही ठीक आहेत. आता दहा सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा आणि ती फाइल आवाज खूप वाढवून ऐका. चालू प्रीअँपमधून कधीच निखळ शांतता येत नाही. थोडी सळसळ असतेच, मीटर अगदी तळाशी का होईना थरथरतो. सळसळ ऐकू आली तर आवाज संगणकात पोहोचतोय आणि दोष गेनचा, चुकीच्या चॅनेलचा किंवा फँटम पॉवरचा आहे. पण मीटर जराही हलत नसेल, रेषा पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ असेल, तर सॉफ्टवेअरला नुसते शून्य मिळतायत. असं बहुतेक वेळा परवानगी नसल्यामुळे होतं. सिस्टिम एररही दाखवत नाही. रेकॉर्डिंग चालू राहतं, फाइल तयार होते आणि तासाभराने कळतं की त्यात काहीच नाही.

मॅकवर माइकसाठी प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी लागते. ही पद्धत २०१८ च्या मॅकओएस मोजावीपासून आली. सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन असं जा आणि तुमच्या सॉफ्टवेअरसमोरचं बटण चालू करा. आधीच चालू दिसत असेल तरी एकदा बंद करून चालू करा, सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. यादीत सॉफ्टवेअरचं नावच नसेल तर त्यात एक ट्रॅक रेकॉर्डसाठी तयार करा, म्हणजे विचारणा येईल.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. इथे लोक वरची दोन बटणं बघून परत फिरतात. खाली जा. डेस्कटॉप ॲप्सना माइक वापरू देण्याचं बटण वेगळं आहे, आणि रेकॉर्डिंगची बहुतेक सॉफ्टवेअर त्याच वर्गात मोडतात. एएसआयओ ड्रायव्हर थेट उपकरणाशी बोलत असल्याने अनेकदा या बटणाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. त्यामुळे "रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो, पण मीटिंगमध्ये कुणाला ऐकू जात नाही" अशी तक्रार असेल तर मी सरळ या पानावर जातो.

स्वर चढला किंवा उतरला तर

हा सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात त्याचा, घोळ आहे. प्रोजेक्ट ४४,१०० हर्ट्झचा आणि इंटरफेस ४८,००० वर चालत असेल, तर गाणं जवळपास दीड सेमिटोन (अर्धस्वर) वर सरकतं आणि तीन मिनिटांचं गाणं साधारण १५ सेकंद आधी संपतं. उलट असेल तर खाली उतरतं. गाणाऱ्याला हे लगेच जाणवतं, बोलणाऱ्याला मात्र "आज आवाज जरा वेगळा येतोय" एवढंच वाटतं आणि रेकॉर्डिंग तसंच पुढे जातं.

अपग्रेडनंतर सिस्टिम आपल्या ठरलेल्या दरावर परत गेलेली असू शकते. दर तीन ठिकाणी एकच हवा: सिस्टिममध्ये, इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आणि प्रोजेक्टमध्ये. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये बघा, विंडोजमध्ये उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये. तिथेच ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. सिस्टिमने परस्पर आवाज "सुधारावा" हे रेकॉर्डिंगमध्ये कुणालाच नको असतं.

इंटरफेसला डिजिटल इनपुट असतील तर क्लॉक सोर्सही (नमुन्यांची लय कोणतं उपकरण ठरवतं ते) पाहा. तो बाहेरच्या उपकरणावर गेलेला असेल आणि तिथे काहीच जोडलेलं नसेल, तर तडतड होते किंवा आवाजच येत नाही. तो इंटर्नलवर आणा.

तडतड आणि मध्येच गायब होणं

पहिला उपाय अगदी फुकटचा: एक रात्र थांबा. मोठ्या अपग्रेडनंतर संगणक मागच्या मागे सगळ्या फायलींची यादी नव्याने बनवत असतो, त्यात प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही गुंततात. लॅपटॉप चार्जिंगला लावून चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी तडतड आपोआप गेलेली असते, असा अनुभव मला बऱ्याचदा आलाय.

तरी राहिली तर बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी संगणक जमवून ठेवतो तो साठा) वाढवा. ४४,१०० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे ११.६. बफर मोठा केला की संगणकाला श्वास घ्यायला वेळ मिळतो, पण गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये मागाहून येऊ लागतो. म्हणून रेकॉर्ड करताना लहान आणि मिक्स करताना मोठा ठेवावा. बफर मोठा करून तडतड थांबली, पण जुन्या सिस्टिमवर लहान बफरवर सगळं चालत होतं, तर मूळ दोष अजून आहे असं समजा आणि शोध चालू ठेवा.

पुढे वीजबचत. अपग्रेडमध्ये पॉवर प्लॅन बदललेला असू शकतो. विंडोजमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा काढून घ्या. थोड्या वेळाने किंवा स्लीपनंतर नाहीसा होणारा इंटरफेस बहुतेक इथेच सापडतो.

मग वाय-फाय बंद करून दहा मिनिटं रेकॉर्ड करा. तडतड थांबली तर इंटरफेसला दोष देऊ नका, नेटवर्क कार्डाचा नवा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतोय. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं छोटं साधन मिळतं. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवतो ते त्यात नावासकट दिसतं. मॅकवर आवाजाचं सगळं काम कोअरऑडिओडी नावाची प्रक्रिया बघते. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ती शोधून बंद केली की आपोआप नव्याने सुरू होते. अडकलेला आवाज कधीकधी एवढ्यानेही मोकळा होतो.

दुसरा संगणक

ड्रायव्हरला हात लावण्याआधी इंटरफेस दुसऱ्या कुणाच्या संगणकाला लावून बघा. तिथे चालला तर दोष तुमच्या संगणकात आहे, पुढे वाचा. वेगळ्या केबलने, दोन संगणकांवरही चालला नाही तर खालचा ड्रायव्हरचा भाग सोडा आणि शेवटच्या भागाकडे जा.

ड्रायव्हर

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण ती नसली की लोक भलतंच काढून टाकतात. यूएसबी इंटरफेस दोन प्रकारे चालतात: काही सिस्टिममध्ये आधीच असलेल्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर, आणि काही निर्मात्याच्या खास ड्रायव्हरवर. मॅकमध्ये सर्वसाधारण ड्रायव्हर पूर्वीपासून चांगला आहे. विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ क्लास २ (यूएसबी ऑडिओ उपकरणांचं सामायिक मानक) चा ड्रायव्हर २०१७ साली विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीत आला. अपग्रेडनंतर विंडोज कधीकधी निर्मात्याचा ड्रायव्हर बाजूला ठेवून हा स्वतःचा लावतं. आवाज येतो, पण एएसआयओ यादीतलं नाव आणि जास्तीचे चॅनेल जातात, कंट्रोल पॅनेल म्हणतं "उपकरण जोडलेलं नाही". एएसआयओ ही स्टाइनबर्ग या कंपनीने १९९७ मध्ये आणलेली पद्धत आहे आणि तिच्यासाठी निर्मात्याचा ड्रायव्हर लागतो.

क्रम असा ठेवा. निर्मात्याच्या स्वतःच्या साइटवर जा. तुमच्या मॉडेलसमोर तुमच्या नव्या सिस्टिमचं नाव स्पष्ट लिहिलेला ड्रायव्हर आहे का, ते आधी बघा आणि तो उतरवून ठेवा. मग इंटरफेस काढा, जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगून त्याच इंटरफेसच्या फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी काढा. रीस्टार्ट करा. नवा ड्रायव्हर टाका आणि सांगितलं जाईल तेव्हाच इंटरफेस लावा. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट" करणारी सॉफ्टवेअर कृपा करून वापरू नका. त्यांनी लावलेले चुकीचे ड्रायव्हर उपसून काढण्यात मूळ दोषापेक्षा जास्त वेळ जातो.

विंडोज ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी हे संरक्षण चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत. विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनच्या पानावर अडणाऱ्या ड्रायव्हरची नावं दिसतात. ते संरक्षण कायमचं बंद करून जुना ड्रायव्हर चालवणं मला पटत नाही. त्याच संगणकावर तुमचे बँकेचे व्यवहारही होत असतात.

मॅकवर निर्मात्याचा ड्रायव्हर टाकल्यावर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये "अलाउ" बटण येतं. कर्नल एक्स्टेन्शनच्या (सिस्टिमच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरच्या) बाबतीत ते साधारण ३० मिनिटंच दिसतं. चुकलं तर पुन्हा इन्स्टॉल करा. अ‍ॅपल सिलिकॉनवर असे ड्रायव्हर चालवायला रिकव्हरीमध्ये जाऊन सुरक्षा कमी करावी लागते. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२-बिट सॉफ्टवेअर चालत नाही, म्हणून बऱ्याच जुन्या इंटरफेसची कंट्रोल पॅनेल तिथेच थांबली. आणि फायरवायरचा (यूएसबीऐवजी त्या जुन्या प्रकारच्या केबलवर चालणारा) इंटरफेस असेल तर मॅकओएस २६ टाहोवर जाऊ नका, तिथे फायरवायरचा आधारच काढून टाकलाय. कोणतंही अ‍ॅडाप्टर तो परत आणू शकत नाही.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.१० पासून आवाज हाताळणाऱ्या पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलंय. चॅनेल कमी दिसत असतील तर उपकरणाचं प्रोफाइल बदलून "प्रो ऑडिओ" करा.

फर्मवेअर (इंटरफेसच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट सगळ्यात शेवटी, आणि निर्मात्याने तुमच्या सिस्टिमसाठी तो हवा असं म्हटलं असेल तरच. हब नको, लॅपटॉप चार्जिंगला हवा, मध्येच केबल हलता कामा नये. अर्धवट राहिलेला फर्मवेअर अपडेट चांगला इंटरफेस कायमचा बंद पाडू शकतो.

इथे थांबा

नव्या सिस्टिमसाठी ड्रायव्हरच नसेल आणि सर्वसाधारण ड्रायव्हरवरही इंटरफेस चालत नसेल, तर कोणताही तंत्रज्ञ तो चालवून देऊ शकणार नाही. विंडोजमध्ये अपग्रेडनंतर साधारण १० दिवस मागे जाण्याची सोय असते. दरम्यान टाकलेली सॉफ्टवेअर त्यात जातात, म्हणून आधी बॅकअप घ्या. मॅकवर मागे जाणं म्हणजे डिस्क पुसून पुन्हा सगळं टाकणं. हे पूर्वी केलं नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या. जुन्या सिस्टिमचा वेगळा संगणक फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवायचा असेल तर तो इंटरनेटपासून दूर ठेवा. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

यूएसबीचं सॉकेट हलतंय, डबा नेहमीपेक्षा गरम होतोय, जळका वास येतोय, किंवा दोन संगणकांवर दोन केबलने तोच दोष दिसतोय, तर हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. स्वतः उघडू नका. थेट विजेच्या प्लगवर चालणाऱ्या इंटरफेसमधल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही भार राहू शकतो. संगणक वारंवार निळा पडदा दाखवून बंद पडत असेल, किंवा पुढची पायरी रजिस्ट्री वा बायॉसमध्ये बदल करायची असेल, तरीही संगणकाच्या जाणकाराला बोलवा. आणि उद्या सकाळी कुणाचं रेकॉर्डिंग ठरलेलं असेल तर आज रात्री ड्रायव्हरशी झटापट करू नका. दुसरा इंटरफेस मागून आणा, काम उरका, मग निवांत शोधा.

मदत मागायला जाताना कागदावर एवढं लिहून न्या: इंटरफेसचं पूर्ण मॉडेल, आधीची आणि आताची सिस्टिम आवृत्तीसकट, ड्रायव्हर आणि फर्मवेअरची आवृत्ती, साध्या रेकॉर्डरमध्ये काय झालं, दुसऱ्या संगणकावर काय झालं, आणि त्या दहा सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये सळसळ होती की सरळ रेषा.